कडेची बाई

नायगावात घरच्या बायकांचा काही कार्यक्रम निघाला की नाझनीनला बोलावणं जायचंच. मांडवात, स्टेजवर, वरातीत फोटो काढायला पुरुष फोटोग्राफर ढिगाने मिळतात. पण डोहाळजेवण, बारसं, घरातली हळद, चुडा भरणं अशा आतल्या खोलीतल्या गोष्टींना बायकांना बाईच हवी असते. ओढणी डोक्यावरून घेऊन, कॅमेऱ्याचा पट्टा खांद्यावरून आडवा टाकून नाझनीन आत शिरली की कोणी पदर सावरत नसे. हसणाऱ्या बाया हसतच राहत. "आली गं आपली फोटोवाली," एवढंच कोणीतरी म्हणे.

बसस्टँडजवळचा फोटो स्टुडिओ तिच्या वडिलांचा, मकबूलभाईंचा. लग्न होऊन ती धर्माबादला गेली होती. नवरा आखातात कामाला गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हा ती अब्बांजवळ परत आली. अब्बांची नजर अधू होत चालली होती. एका दुपारी त्यांनी कॅमेऱ्याची पिशवी तिच्यापुढे सरकवली, आणि तिने उचलली. तेव्हापासून ते दाराजवळच्या खुर्चीत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी विचारतात.

अब्बांचा कॅमेरा रिळाचा होता. डिजिटलचे दिवस आले तसा नाझनीनने नांदेडहून एक वापरलेला कॅमेरा आणला. कंपनी तीच, त्यामुळे अब्बांची जुनी लेन्स त्यावर चपखल बसली. ती खुशीत पहिल्याच डोहाळजेवणाला गेली. खोली नेहमीसारखीच होती. एका भिंतीला कपाट, दुसऱ्या भिंतीला उभा करून ठेवलेला पलंग, मधे पाटावर फुलांची वाडी ल्यायलेली सून आणि तिच्याभोवती सगळी गल्ली. अब्बा असल्या खोल्यांत कपाटाला पाठ लावून उभे राहायचे आणि त्यांच्या फोटोत सगळ्या बाया मावायच्या, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. तीही कपाटाला पाठ लावून उभी राहिली. बघते तर दोन्हीकडच्या बाया चौकटीबाहेर. आणखी मागे जायचं तर कपाटातच शिरायला हवं होतं.

लेन्स बिघडली असं समजून ती घरी आली. अब्बा जेवत होते. त्यांनी ताटातली पोळी उचलून तिला समजावलं. लेन्स उजेडाची गोल पोळी पाडते, म्हणाले. रीळ मोठं, ते त्या पोळीतून मोठा चौकोन कापून घ्यायचं. तुझ्या ह्या कॅमेऱ्यातला सेन्सर रिळाहून लहान. पोळी तेवढीच पडते, पण हा मधलाच तुकडा घेतो आणि कडा टाकून देतो. बायांनी जागा सोडली नाही आणि लेन्सही बिघडली नाही, तुझा काप लहान झाला. मग त्यांनी कडा तोडून मधला तुकडा वरणात बुडवला आणि खाऊन टाकला.

पुढची दोन-तीन वर्षं नाझनीनला सगळीकडे एकच वाक्य म्हणावं लागलं. "कडेच्या बायांनो, थोडं बाहेर व्हा, पुढच्या फोटोत घेते." आणि बाहेर कोण व्हायचं हे कोणाला सांगावं लागत नसे. कपाळाला कुंकू नसलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, स्वयंपाकघरातून हात पुसत आलेल्या, अशा बाया मुकाट्याने बाजूला सरत. त्या आधीच कडेला असायच्या. पुढचा फोटो बहुतेक वेळा निघतच नसे, कारण तेवढ्यात पानं वाढली म्हणून हाक यायची.

नाझनीनला हे खुपायचं. म्हणून पुढे तिने लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठीच बनवलेली रुंद नजरेची लेन्स घेतली. पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी फुगलेली. कपाटाला पाठ लावून तिने ती डोळ्याला लावली, तर या दारापासून त्या दारापर्यंत खोली आत. एक बाई बाहेर नाही. बायकांना काय आनंद झाला. "सगळ्या आल्या का गं?" "सगळ्या आल्या."

फक्त त्या लेन्सची एक खोड होती. तिरपा उजेड जिथे पडतो तिथे सावली लांबते ना, तसं चौकटीच्या कडेचं माणूस ताणलं जातं. मधली सून जशीच्या तशी, आणि कडेची बाई रुंद. नाझनीनने त्याचीही गंमत करून टाकली होती. "बारीक बायांनी कडेला व्हा, मी तुम्हाला फुकटात भरवते," असं ती म्हणायची. अंगाने भरलेल्या बाया हसत हसत मधे घुसायच्या. कोणाचं काही बिघडत नव्हतं. फोटो अल्बमात जायचे, अल्बम कपाटात जायचा.

सिंधुबाई अशाच एका फोटोत होत्या. नायगावजवळच्या खेड्यातल्या. घरची शेती, नवरा तरुणपणीच गेलेला, मुलगा आदिनाथ गावाकडे शेती बघायचा आणि मुलगी पुनम नायगावातच दिलेली. पुनमच्या डोहाळजेवणाला त्या आल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला लागून उभ्या राहिल्या. नाझनीनने त्यांना दोनदा मधे बोलावलं. लेकीचं डोहाळजेवण, आईने शेजारी बसावं म्हणाली.

"असू द्या माय, हितं उजेड बरा हाय," सिंधुबाई म्हणाल्या.

दाराशी उजेड बरा नव्हता, अंधार होता. पण नाझनीनने पुन्हा म्हटलं नाही. लेन्स होती ना आता, कोणाला हलवायची गरज काय?

अल्बम बनून आला तेव्हा पुनमला तो फोटो फार आवडला. सिंधुबाई मुळात सडसडीत, लांब तोंडाच्या, गालफडं बसलेल्या. फोटोत त्यांचे गाल भरलेले दिसत होते. माहेरी आईची आबाळ होत नाही, ती चांगली खाऊनपिऊन आहे, असं त्या फोटोकडे बघून पुनमला वाटायचं. आदिनाथलाही तो फोटो आवडायचा. कारण निराळं, पण आवडायचा.

पुढे आदिनाथच्या मुलाला, शिवमला, लातूरला क्लास लावला. पोरांना तिथे ठेवायचं तर खोली भाड्याने घ्यायची आणि घरातली एक बाई स्वयंपाकाला पाठवायची, अशी आता आपल्याकडे रीतच झाली आहे. आदिनाथची बायको शेतात लागायची. सिंधुबाईंना पाठवलं. त्या लातूरला एका गल्लीत वरच्या मजल्यावर राहू लागल्या. सकाळी पोराचा डबा, संध्याकाळी भाकरी, मधला सगळा वेळ खिडकीत. भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं होतं. एकदा त्या खालच्या मजल्यावरच्यांच्या घरात शिरून चूल शोधत होत्या. शिवमने फोनवर हे हसत हसत सांगितलं आणि सगळे हसले. म्हातारपण आलं, म्हणाले.

गणपतीच्या दिवसांत सिंधुबाई ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर गेल्या आणि परत आल्या नाहीत. डबा दळून तयार होता. गिरणीवाला म्हणाला, थांबा म्हटलं तर म्हातारी हो म्हणाली आणि पायरी उतरून चालायला लागली.

पोलिसांत सांगितलं, तेव्हा फोटो मागितला आणि शरीरावरची ओळखीची खूण विचारली. खूण कोणाला आठवेना. हातावर भाकरीच्या चटक्याचे डाग, पण ते कोणत्या बाईच्या हातावर नसतात? ओळखपत्रावरचा फोटो अंगठ्याएवढा, पदर कपाळापर्यंत ओढलेला. मोठा केला की नुसते ठिपके. मग आदिनाथने अल्बममधला तो फोटो काढला. त्यात आई नीट दिसते, भरलेली दिसते. वाळलेल्या आईचा फोटो खांबाखांबावर लावला तर लोक काय म्हणतील, पोराने उपाशी ठेवली म्हणूनच गेली म्हणतील, हेही त्याच्या मनात होतं. हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं. त्या फोटोतला आईचा तुकडा मोबाईलवर कापून मोठा केला आणि लातूरभर कागद लागले. व्हॉट्सअॅपवर तर तो फोटो नांदेडपासून उदगीरपर्यंत फिरला. नाझनीनच्या फोनवरही आला. तिने पाहिला, हळहळली, आणि पुढे चार ग्रुपवर पाठवला. आपणच काढलेला फोटो आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर पुनम स्टुडिओत आली. खांद्याला पिशवी, पिशवीत घरातले सगळे अल्बम. ती बसली. अब्बांनी पाणी दिलं. मग तिने पिशवीतून तो लातूरचा कागद काढला आणि टेबलावर पसरला.

"ताई, खरं सांगा. माझ्या आईचं तोंड असं होतं का?"

झालं असं होतं. पुनम लातूरला जाऊन येऊन करत होती, दुकानोदुकानी विचारत होती. गोलाईकडे, तिथल्या गोल बाजारचौकाकडे, जाणाऱ्या रस्त्यावर एका दुकानाच्या पायरीशी एक फुलं विकणारी बाई बसते. ती म्हणाली, अशी हरवलेली म्हातारी तर होती बाई इथे, नवरात्रात बरेच दिवस ह्याच पायरीवर बसून असायची. मी तिला चहा द्यायचे. नाव विचारलं तर नुसती बघायची. पुनमने कागद पुढे केला, तर फुलवालीने मान हलवली. ती ही नव्हे, म्हणाली. ती वाळून काटकी झालेली, तोंड हे एवढं लांब. ही तर खात्यापित्या घरची बाई दिसते. आणि तिने मागे बोट दाखवलं. हाच कागद तिच्या पाठीमागच्या खांबाला चिकटवलेला होता. रोज येता-जाता फुलवालीला तो दिसायचा. एका सकाळी म्हातारी पायरीवर नव्हती, आणि कुठे गेली ते कोणी पाहिलं नाही.

नाझनीनने कागद उचलला, पुन्हा ठेवला. आता तिला कळलं होतं. तिने अल्बममधलं ते पान काढलं आणि पुनमला अख्खा फोटो दाखवला. मधली तू बघ, म्हणाली, आणि आता कडेला बघ. तुझ्या डावीकडची तुझी नणंद थोडी रुंद, तिच्या पलीकडची आणखी रुंद, आणि अगदी दाराशी आई. खोली लहान, माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून मी ही लेन्स घेतली होती. ही सगळ्यांना आत घेते, पण कडेच्यांना ताणते. तिने अब्बांची पोळी सांगितली, संध्याकाळची सावली सांगितली. सांगताना आपण कोणाला काय सांगत आहोत हे तिचं तिलाच ऐकू येत होतं.

"मोठ्या सेन्सरचा कॅमेरा असता तर?" पुनमने विचारलं.

नाझनीनला खोटं सांगता आलं असतं. "तरी असंच आलं असतं," ती म्हणाली. "एवढ्या जवळून एवढी रुंद खोली घ्यायची म्हटली की कडा ताणणारच. आई मधे बसली असती तर..." तिने वाक्य सोडून दिलं.

पुनमने कागदावरून हात फिरवला. "मला लई आवडत होता हा फोटो," ती म्हणाली. "घरात टीव्हीच्या वर भिंतीला लावला होता मी."

मग दोघींनी अल्बम उघडले. आदिनाथच्या लग्नातल्या घरातल्या हळदीचे फोटो नाझनीननेच काढलेले, जुन्या लेन्सच्या दिवसांतले. त्यात सिंधुबाई नव्हत्याच. एका फोटोत उजव्या कडेला एक कोपर होतं, हिरव्या काठाच्या पदराचं. पुनम म्हणाली, आईचं आहे. शिवमच्या बारशात त्या पाळण्यामागे, नाकापर्यंत कोणाच्या तरी खांद्याआड. नव्या लेन्सच्या फोटोंत त्या सगळीकडे होत्या आणि सगळीकडे कडेला. एकात डाव्या, एकात उजव्या, कपाळ तिरपं ताणलेलं, एक गाल दुसऱ्याहून मोठा. सरळ, मधोमध, एकटीचा असा एकच फोटो निघाला, तो अब्बांनी काढलेला, सिंधुबाईंच्या लग्नातला. कपाळभर मळवट, सोळा-सतरा वर्षांचं लांबट तोंड. अब्बांनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि परत दिला.

"एकटीचा फोटो काढू देत नव्हती," पुनम म्हणाली. "म्हणायची, एकटीचा कशाला, मेल्यावर हार घालायला?"

नाझनीन कॉम्प्युटरसमोर बसली. मूळ फाईल तिच्याकडे नव्हती. अल्बम दिला की वर्षभराने ती जागा मोकळी करत असे. ती असती, अख्खी चौकट हातात असती, तर किती ताणलं आहे याचा हिशेब करून ते उलटं फिरवता आलं असतं. इथे होता तो अल्बमचा छापलेला फोटो, आणि अल्बम बनवणाऱ्याने तो पानावर बसवायला आणखी थोडा ओढलेला, कडेने कापलेला. किती, ते त्यालाही आता सांगता आलं नसतं. म्हणजे एकच मोजमाप उरलं होतं, पुनमचं.

तिने फोटो स्कॅन केला, फक्त सिंधुबाईंचा चेहरा घेतला आणि दोन्ही बाजूंनी हळूहळू दाबायला लागली.

"आता?"

"अजून."

"आता?"

"अजून थोडी. आई लई बारीक होती." पुनम पडद्याकडे वाकली. "हाव. हीच. न्हाई, थांबा. जरा जास्त झालं का?"

नाझनीनने थोडं सोडलं. मग पुन्हा दाबलं. गाल बसले की कान चिंचोळे व्हायचे, कपाळ सरळ केलं की डोळा वर जायचा. प्रत्येक वेळी पुनम हो म्हणायची आणि दुसऱ्या क्षणाला नाही म्हणायची. बाहेर दुपारच्या बस येत-जात होत्या. अब्बांना खुर्चीतच डुलकी लागली. एका वेळी पुनमने डोळे घट्ट मिटून घेतले, आठवायला. नाझनीन माउसवर हात ठेवून थांबली.

पुनमने डोळे उघडले तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"ताई, डोळे मिटले की कागदच दिसून राहिला," ती म्हणाली. "खांबावरचा."

नाझनीनने तिला उठवलं, तोंड धुवायला लावलं, चहा दिला. मग आदिनाथला व्हिडिओवर घेतलं. त्याला अरुंद चेहरा दाखवला तर तो म्हणाला ही धाकट्या मावशीसारखी दिसते. थोडा रुंद दाखवला तर म्हणाला असेल, असेलही. त्याच्या बायकोने मागून सांगितलं की सासूबाईंची हनुवटी अशी नव्हतीच. कशी होती ते तिलाही सांगता आलं नाही. सगळ्यांनी मिळून त्या बाईच्या हातची भाकरी वर्षानुवर्षं खाल्ली होती. आदिनाथ शेवटी वैतागला. तुम्हाला योग्य वाटेल ते छापा, म्हणाला, आणि फोन ठेवला.

नाझनीनने तीन प्रिंट काढल्या. एक अरुंद, एक मधली, एक त्याहून थोडी भरलेली. पुनमला एकटीला पाठवायला तिचं मन घेईना. दुसऱ्या दिवशी दोघी एसटीने लातूरला गेल्या. त्या पायरीवर जिने सिंधुबाईंना सगळ्यांत शेवटी पाहिलं, ती फुलवाली सांगेल यातली कोणती. कागदाने तिला फसवलं नव्हतं. उलट कागदातली बाई ती नव्हे, एवढं एकटीनेच ओळखलं होतं.

फुलवाली ओल्या फडक्याखाली शेवंती झाकत होती. तिने हात पुसले आणि तिन्ही प्रिंट मांडीवर घेतल्या. एक उचलली, ठेवली. दुसरी उचलली. गिऱ्हाईक आलं, त्याला तिने थांबायला सांगितलं. पुनम तिच्या ओठांकडे बघत उभी होती, निकालाच्या दिवशी पोरं फळ्याकडे बघतात तशी.

"खरं सांगू का बाई," फुलवाली म्हणाली. "तुमी त्या दिवशी इचारलं तवा ती मला लख्ख दिसत होती. आता तुमी गेल्यापासून मी त्या खांबावरच्या कागदाकडं सारखी बघून राहिले. हीच होती का, हीच होती का, म्हणून. आता तिचं तोंडच आठवंना मला."

तिने प्रिंट परत दिल्या आणि पुनमच्या हातात शेवंतीचा एक गजरा ठेवला. गजरा देण्यासारखं काय होतं त्यात, हे तिलाही कळलं नसावं. पुनमने तो घेतला.

मधली प्रिंट छापली. कारण ती मधली होती, दुसरं कारण नाही. जुने कागद शक्य तिथे काढून नवे लावले. त्या गोलाईच्या खांबावरचा जुना कागद निघेना, खळ वाळून दगड झाली होती. त्याच्यावरच नवा चिकटवला.

मग फोन यायला लागले. जुन्या कागदावर जवळजवळ कोणी फोन केला नव्हता. नव्यावर मात्र जिथे जिथे म्हणून एक वाळलेली म्हातारी बसलेली होती तिथून फोन आले. उदगीरच्या बाजारातून, नांदेडच्या स्टेशनवरून, देगलूरच्या रस्त्यावरून. आदिनाथ पहिल्या दोन वेळा आला. नंतर रब्बीची पेरणी, पाणी, शिवमची परीक्षा. त्याला दोष द्यावा असंही नाही. पुनम जात राहिली आणि नाझनीन तिच्याबरोबर जात राहिली. पुनमने तिला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर नाझनीनला तिच्याबरोबर जाणं जरा सोपं गेलं असतं.

कामावरही नाझनीनला पूर्वीसारखं राहता येईना. कार्यक्रमाला गेली की ती कडेच्या बायांना एकेक करून अंगणात बोलवायची, उजेडात, लांबून, एकटीचा फोटो घेते म्हणायची. बाया लाजायच्या. मग चिडायच्या. "आमच्या मागं का लागलीस गं?" एका काकूने विचारलं. "हार करायला टाकलास का काय?" सगळ्या हसल्या. नाझनीनही हसली आणि पुन्हा कपाटाला पाठ लावून उभी राहिली. खोली तेवढीच होती, बाया तेवढ्याच होत्या आणि लेन्स तीच होती.

उदगीरच्या म्हातारीला पुनमने रस्त्याच्या पलीकडूनच पाहून नाही म्हटलं होतं. नांदेडला ती जवळ गेली, समोर उभी राहिली, मग नाही म्हणाली. देगलूरला खाली बसली. प्रत्येक वेळी नाही म्हणायला तिला जरा जास्त वेळ लागत होता. नाझनीनला हे दिसत होतं.

उन्हं तापायला लागली तेव्हा धर्माबादहून फोन आला. एका देवळाच्या ओवरीत, जिथे दुपारी अन्नदान असतं, तिथे एक म्हातारी कित्येक दिवसांपासून आहे, कागदातल्यासारखीच आहे, म्हणाले. नाझनीनचं ते सासरचं गाव. बसस्टँडवर उतरताना तिने ओढणी पुढे ओढून घेतली आणि मान खाली घालून चालत राहिली.

ओवरीत खांबाला टेकून म्हातारी बसली होती. कागदातल्यासारखी होती, खरंच. तेच बसलेले गाल, तीच हनुवटी, कपाळाची एक बाजू थोडी उंच. नाझनीनच्या अंगावर काटा आला. मग तिच्या लक्षात आलं की ती म्हातारीची तुलना सिंधुबाईंशी करत नाही, आपण केलेल्या प्रिंटशी करते आहे.

पुनम समोर बसली. तिने म्हातारीचे हात हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले. चटक्याचे डाग होते. "आई," ती म्हणाली. म्हातारी तिच्याकडे बघून हसली. कोणीही प्रेमाने हात धरला तर म्हातारं माणूस हसतं तसं. पुनम तिच्या तोंडाकडे बघत राहिली. वाढपी पत्रावळी उचलून गेला, ओवरी झाडून झाली, तरी ती बघतच होती. मग तिने मान वळवली.

"ताई, तुमी बघा ना. तुमी तर तिला किती वेळा बघितलं."

नाझनीन पुढे झाली, गुडघ्यांवर बसली. तिने खूप प्रयत्न केला. एवढी वर्षं ही बाई तिच्यासमोर उभी राहिली होती, आणि प्रत्येक वेळी तिने फक्त एवढंच पाहिलं होतं, की ही चौकटीत येते की नाही.

"मला न्हाई सांगता येत, पुनम," ती म्हणाली.

तेवढ्यात म्हातारीने पुनमचा हात सोडवून घेतला आणि रिकामा गडू पुढे केला. "नीळ्ळु," ती म्हणाली. वाढप्याला बघून पुन्हा म्हणाली, आणि मग त्याच्याशी भराभरा बोलायला लागली, तक्रारीच्या सुरात, अस्सल तेलुगूत. तो तिच्याशी तेलुगूतच काहीतरी बोलला आणि या दोघींना म्हणाला, सीमेपलीकडच्या गावची असेल, म्हणते सूनबाई पाणी देत नाही.

पुनमने गडू घेतला. नळावर जाऊन भरून आणला, म्हातारीला पाणी पाजलं, पदराने तिची हनुवटी पुसली आणि उठली.

परतीच्या गाडीत दोघींना मागची जागा मिळाली.  नायगावचा स्टँड दिसायला लागला तेव्हा पुनमने पिशवी मांडीवर घेतली आणि समोरच्या सीटकडे बघत म्हणाली,

"ती मराठीत बोलली असती ना ताई, तर मी तिला घेऊनच आले असते."

गाडी थांबली. पुढची माणसं उतरायला लागली, तशा दोघीही उठून रांगेत उभ्या राहिल्या.